चपलांचं तोंड दाराकडे

६ एप्रिल, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण आज मला आमच्या हॉस्पिटलच्या नर्सिंग स्टाफचा वेलनेस को-ऑर्डिनेटर नेमण्यात आलं. मेट्रन उपाध्ये मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, लालासाहेब, कॅन्सरच्या पेशंटमध्ये वर्षानुवर्षं काम करून माणसाचं मन थकतं, झोप उडते, हातून चुका व्हायला लागतात. १२ मेला परिचारिका दिन आहे, तोवर यावर काहीतरी करायचंय आणि ते तुम्हीच करा. मी म्हटलं, मॅडम, योग्य माणूस निवडलात. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. आदर असावा.

पहिल्या पानावर नाव-गाव लिहिण्याची फौजेतली सवय आहे. लालासाहेब जगदाळे. गाव कोरेगाव तालुक्यात, हल्ली मुक्काम सांगली. आधी फौजेच्या मेडिकल कोअरमध्ये, नंतर इथे केमोच्या डे-केअरचा इन-चार्ज ब्रदर. एवढ्या काळात एकदाही रडलेलो नाही. रजाही फारशी घेतलेली नाही. घेतली ती मेहुण्याच्या लग्नाला, आणि तिथेही कंटाळा आला.

संकल्प: रात्री दहाला झोप, चहा दोनच कप, सकाळी प्राणायाम, डबा पूर्ण संपवणे. मला गरज आहे म्हणून नाही. पुढाऱ्याने उदाहरण घालून द्यावं लागतं.

पहिली केस लगेच मिळाली. सृष्टी सिस्टर, आटपाडीकडची, नोकरीत नवी. दुपारी चादरींच्या खोलीत रडत होती. सांगितलं, रडायचं नाही, पाणी प्यायचं. ती म्हणाली, ब्रदर, रडून झालं की मला बरं वाटतं, मग भूक लागते. कच्ची आहे. तिच्यावर लक्ष ठेवणार.

७ एप्रिल, मंगळवार

सकाळी प्राणायाम. डोळे मिटल्याबरोबर पंपाचा अलार्म ऐकू आला. केमोचं औषध ज्या मशीनमधून हळूहळू अंगात सोडतात, तो पंप. औषध संपलं की पीप पीप करतो. घरात पंप नाही. उठून फ्रिज बंद केला. मिक्सरचा प्लग काढला. गॅलरीतली कबुतरं हाकलली. अलार्म चालूच. सौ. संयोगिता उठून आल्या आणि म्हणाल्या, मला तर काहीच ऐकू येत नाही. त्यांचे कान तपासून घ्यायला हवेत.

प्राणायाम स्थगित. आवाज सोसायटीतलाच कुठला तरी आहे. सेक्रेटरीकडे तक्रार करणार.

९ एप्रिल, गुरुवार

पुण्याहून मानसशास्त्रज्ञ आला. ऋषिराज नाव. दाढी अजून धड येत नाही. दर गुरुवारी येणार. मॅडमनी ठरवलंय, आधी को-ऑर्डिनेटरबरोबर बैठका, मग बाकीच्यांबरोबर. बरोबर आहे, वरून खाली हीच पद्धत.

मुलगा हुशार आहे पण अनुभव शून्य. नुसते प्रश्न विचारतो. मीच त्याला माहिती दिली, की या कामात नर्सेसची झोप जाते, जेवणाला चव लागत नाही, घरी अलार्म ऐकू येतात. त्याने विचारलं, कुठल्या नर्सला अलार्म ऐकू येतात? मी म्हटलं, एकूणच सांगतोय. त्याने ते लिहून घेतलं. हळूहळू तयार होईल.

चहा मोजला नाही. पाहुणा होता.

१२ एप्रिल, रविवार

सकाळ चपला धुण्यात गेली.

हे एकदा नीट लिहून ठेवतो, कारण सौ. याला भलतंच नाव देतात. आमच्या डे-केअरच्या दाराशी चपला काढून आत यावं लागतं, बाहेर रॅक आहे. एखाद्या पेशंटचं मध्येच बिघडलं की त्याला स्ट्रेचरवरून वरच्या मजल्यावर आयसीयूत नेतात. चपला खालीच राहतात. अशा वेळी आमच्या सिस्टर काय करतात, तर त्या चपला उचलून त्यांचं तोंड बाहेरच्या दाराकडे करून ठेवतात. म्हणजे तो माणूस चालत खाली येईल, चपला घालेल आणि सरळ घरी जाईल. कुणी सुरू केलं ठाऊक नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही. जवळून जाताना एखादी वाकडी दिसली तर सरळ करतो, ते टापटिपीसाठी.

काहीजण खाली येतात. काहींचे नातेवाईक मागच्या दाराने माणसाला घेऊन जातात, त्या दिवशी चपला कुणाच्या लक्षात राहणार? सफाईवाले त्या कचऱ्यात टाकतात. फौजेत आम्ही कुणाचं सामान असं टाकत नव्हतो. म्हणून मी घरी आणतो, धुतो, दोऱ्याने चिठ्ठी बांधतो, माळ्यावर ठेवतो. कुणी मागायला आलं तर हाताशी असावं. आजवर कुणी आलेलं नाही. ती लोकांची बेशिस्त.

माळा भरलाय. आजपासून दिवाणाखाली. सौ. म्हणाल्या, या घरात आता पाय ठेवायला भीती वाटते. मी म्हटलं, सगळ्या धुतलेल्या आहेत.

१३ एप्रिल, सोमवार

हरिबा कोळेकर आले होते. जत तालुक्यातले, पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचे, आता थोडी शेती. अन्ननलिकेचा कॅन्सर. दर सोमवारी केमो. बरोबर त्यांची धोंडुबाई. हरिबांच्या वहाणा म्हणजे वहाणाच, जाडजूड चामडं, खाली खिळे. रॅकवर ठेवल्या की बाकीच्या चपला लेकरांच्या वाटतात. त्यांना मी आवडतो. आत येता येताच विचारतात, बिरदर हाय न्हवं? धोंडुबाई म्हणाली, सायेब, तुमचं तोंड लय वाळलंय, जेवता का न्हाई? मी म्हटलं, डाएटवर आहे.

आमच्याकडे नियम असा की केमो लावण्याआधी दोघांनी मिळून तपासायचं. एकाने पेशंटचं नाव, औषध, डोस, पंपाचा स्पीड मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने डोळ्यांनी बघायचं. आज हरिबांच्या पंपावर मी एक शून्य जास्त टाकलं होतं. मी बटण दाबण्याआधी सृष्टीने माझा हात धरला. 

मी म्हटलं, शाब्बास, तुझी परीक्षा घेत होतो. पास झालीस.

तिने आकडा दुरुस्त केला आणि पुढच्या खुर्चीकडे गेली. शाबासकी कशी स्वीकारावी हेही या मुलींना शिकवायला हवं. वेलनेसमध्ये घेणार.

१५ एप्रिल, बुधवार

हास्ययोग. सेमिनार हॉल. मी पुढे उभं राहून तीन प्रकारची हास्यं करून दाखवली. सिस्टर हसल्या नाहीत. तिसऱ्या हास्याच्या वेळी मला थांबता येईना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि घसा दुखेपर्यंत ते चालूच राहिलं. शेवटी उपाध्ये मॅडम उठून आल्या आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. एसीच्या हवेने डोळ्यांना पाणी येतं. मेंटेनन्सला कळवलंय.

एकूण उपक्रम यशस्वी.

१९ एप्रिल, रविवार

गावी यात्रा. सौ.नी जवळजवळ ओढत नेलं. पालखी झाली, जेवणं झाली. डब्याचं सोडा, गावच्या मटणालाही स्पिरिटचा वास यायला लागलाय. कुणाला बोललो नाही, उगाच भावकीत वाद.

दुपारी कुस्त्यांचं मैदान. लहानपणापासूनचा माझा प्राण. हलगी सुरू झाली आणि हलगीच्या आतून पीप पीप. मी उठलो आणि पंप शोधत निघालो. हे लिहिताना हसू येतं, पण गर्दीत मी खरोखर पंप शोधत होतो. एका म्हाताऱ्या प्रेक्षकाच्या दंडाला हात लावून सलाईन नीट चाललंय का बघितलं. थोरल्या भावाने धरून आणलं. म्हणाला, लाला, तुला बरं न्हाई. आमच्या घरात सैन्यात गेलेला मी एकटा, त्याला ताण म्हणजे काय ते कसं कळणार? ऊन लागलं म्हणून सांगितलं.

परत येताना बसमध्ये सौ. माझा हात धरून बसल्या होत्या. हाताला कंप आहे असं त्यांचं म्हणणं. चहा कमी केल्यामुळे होत असणार. उद्यापासून चहा पूर्ववत.

२० एप्रिल, सोमवार

उपाध्ये मॅडमनी रजेचा विषय काढला. परिचारिका दिनापर्यंत घरी विश्रांती घ्या, म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, मोहीम अर्धवट टाकून सेनापती कधी गेलाय का? त्या म्हणाल्या, निदान केमो लावायचं काम दुसऱ्याला द्या. मी म्हटलं, या मुली कच्च्या आहेत, माझ्याशिवाय काहीतरी घोटाळा होईल.

मॅडमही दमल्यासारख्या दिसतात. त्यांचंही समुपदेशन करावं लागेल.

एक गोष्ट लक्षात आली. मी केमो लावून पुढे गेलो की सृष्टी मागून येते आणि पंपाजवळ उभी राहते. हरिबांच्या खुर्चीजवळ आज ती दोनदा आली. माझी पद्धत बारकाईने शिकते आहे.

२३ एप्रिल, गुरुवार

ऋषिराज. आज म्हणाला, एखाद्या पेशंटबद्दल सांगा जो आठवतो. मी म्हटलं, मला कुणी आठवत नाही, आम्ही प्रोफेशनल माणसं. मग कशावरून तरी चपलांचा विषय निघाला. एक निळी स्लीपर होती, तिचा तुटलेला अंगठा पिनेने जोडलेला. एक लाल बूट होता, चालताना तळव्यात दिवा लागणारा. घरी धुतला तरी तो दिवा लागत होता. कुणाचा काय हे मी सांगत गेलो. थांबलो तेव्हा त्याच्या पुढच्या मीटिंगची वेळ होऊन गेलेली होती, त्याने ती रद्द केली म्हणे. पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवून म्हणाला, तुम्ही हे सगळं एकट्याने उचलताय. मी म्हटलं, चपलांचं काय वजन असतं?

एकूण त्याची प्रगती चांगली आहे.

२५ एप्रिल, शनिवार

“मन मोकळं करा” पेटी उघडली. गेल्या आठवड्यात मीच लावली होती, रंगीत कागद चिकटवून. स्टाफने आपल्या अडचणी चिठ्ठीवर लिहून टाकायच्या. ब्रदर, जेवत जा. ब्रदर, घरी जा. ब्रदर, तुम्ही बसा थोडा वेळ. पेटीचा उद्देशच कुणाला कळलेला नाही. पुन्हा समजावून सांगणार.

२७ एप्रिल, सोमवार, दुपार

हरिबांना रिअ‍ॅक्शन आली.

केमो सुरू झाल्यावर थोड्याच वेळात. तोंड लाल, मग काळंनिळं. छाती दाबून धरली. धोंडुबाई ओरडली, आवं, ह्यांचा श्वास बघा की. माझे पाय जागचे हलले नाहीत. सृष्टीने पंप बंद केला, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना हाक मारली. वर नेलं.

वहाणा खाली रॅकवर. सृष्टीने तोंड दाराकडे करून ठेवल्या.

२७ एप्रिल, सोमवार, संध्याकाळ

रिअ‍ॅक्शन कुणालाही येऊ शकते. पुस्तकात लिहिलंय.

केमोच्या आधी एक इंजेक्शन देतात, रिअ‍ॅक्शन येऊ नये म्हणून. ते मी दिलं होतं. सृष्टीने विचारलं होतं, ब्रदर, आधीचं इंजेक्शन झालं? मी म्हटलं, झालं. ती म्हणाली, मी एकदा ट्रे बघते. मी म्हटलं, एकदा सांगितलं ना, माझ्यावर विश्वास नाही का? जरा चढ्या आवाजात म्हटलं. खुर्चीतून हरिबा म्हणाले, आगं पोरी, बिरदर हाय की, कशाला बघतीस?

इंजेक्शन दिलं होतं. हरिबांच्या हाताची शीर मला दिसते आहे, त्यांनी दुसरीकडे मान फिरवलेली दिसते आहे. नक्की दिलं होतं. फक्त त्यात त्यांच्या अंगात पांढरा सदरा दिसतो. आज त्यांनी चौकड्याचा घातला होता.

२८ एप्रिल, मंगळवार

सदऱ्याचं काय, माणूस सदरा बदलतो.

३० एप्रिल, गुरुवार

वर जायला वेळ मिळाला नाही. १२ मेची तयारी. बॅनर, पाहुणे, माझं भाषण. भाषणाचा विषय: “ताणाची लक्षणं वेळीच ओळखा.” जिन्यापर्यंत एकदा गेलो होतो, पण तिथून फोन आल्यासारखा वाटला म्हणून परतलो.

हरिबांची चौकशी केलेली नाही. गरज नाही. मला कळतं. या वयाचा माणूस, हा आजार, वर जाऊन इतके दिवस. सिस्टर माझ्यासमोर त्यांचं नाव काढत नाहीत, एकमेकींत बोलत असल्या तर मी आल्यावर गप्प होतात. याचा अर्थ न कळण्याइतका मी नवा नाही. धोंडुबाईही खाली दिसली नाही. मागच्या दाराने गेले असणार.

वहाणा तेवढ्या रॅकवर, तोंड दाराकडे. ड्युटी संपल्यावर पिशवीत घातल्या. जड आहेत. स्कूटरच्या हँडलला अडकवल्या तर हँडल एका बाजूला ओढत होतं. विश्रामबागच्या चौकात एकजण ओरडला, काका, सरळ चालवा की.

ऋषिराजची बैठक मीच रद्द केली. त्याला पुरेसं शिकवून झालंय.

३ मे, रविवार

हरिबांच्या वहाणा धुतल्या. चामडं धुऊन चालत नाही, म्हणून मग पुसून, सावलीत वाळवून तेल लावलं. पुन्हा लावलं. उन्हात राहून चिरा पडल्या होत्या, प्रत्येक चिरेत बोटाने तेल भरलं. खिळ्यांत जतची माती अडकलेली. ती काढली नाही. दुपारचं जेवण राहून गेलं.

चिठ्ठी लिहिली, दोऱ्याने बांधली. या वेळी दिवाणाखाली न ठेवता कपाटात ठेवल्या, माझ्या फौजेच्या ट्रंकेशेजारी. सौ. दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, कोण होतं? मी म्हटलं, पेशंट. त्या रडायला लागल्या. मी त्यांना पाणी दिलं.

६ मे, बुधवार

मॅडमनी मला तात्पुरतं स्टोअरला टाकलंय. कार्यक्रमाचं सामान तिथे ठेवलंय म्हणून जबाबदार माणूस हवा, असं कारण दिलं. केमोच्या खोलीची किल्ली सृष्टीकडे. एक प्रकारे बढतीच. स्टोअरमध्ये शांतता आहे. पीप पीप तिथेही येते, पण लांबून.

सृष्टी समोरून आली. मान खाली. तिच्यात मी जो बदल घडवून आणत होतो, तो १२ तारखेपर्यंत पूर्ण होईलसं वाटत नाही.

९ मे, शनिवार

हरिबा खाली आले.

चालत आले. जिन्याने. एका बाजूला धोंडुबाई, दुसऱ्या बाजूला सृष्टी. आयसीयूतून वॉर्डात, वॉर्डातून आज घरी. छातीत कफ झाला होता म्हणून इतके दिवस लागले. मी स्टोअरच्या दारात बॅनरची गुंडाळी घेऊन उभा होतो. ती हातातून पडली.

धोंडुबाई रॅकपाशी वाकली. वरच्या फळीवर बघितलं, खालच्या बघितलं, रॅकच्या मागे बघितलं. म्हणाली, आवं, हितंच ठेवल्या हुत्या की वहाणा. पयलं दोन दीस जाता येता मी बघत हुते, त्वांड दाराकडं करून. आता कुटं गेल्या? सगळ्या सिस्टर खाली बघत होत्या. माझी सवय त्या सगळ्यांना माहीत आहे, हे मला तेव्हा कळलं. आणि त्या चपला मी कधी उचलतो, हेही.

मी म्हटलं, मी सांभाळून ठेवल्यात, आणतो. दुपारची वेळ, रस्त्यावर डांबर पातळ झालं होतं. हरिबा बाकावर अनवाणी बसून राहिले. मी स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही. कपाटातून वहाणा घेतल्या, पिशवीसुद्धा न घेता तशाच पुढ्यात धरून आणल्या आणि त्यांच्या पायाशी ठेवल्या.

चिठ्ठी काढायची राहिली.

हरिबांनी ती चिमटीत धरली. वाचता येत नाही त्यांना. म्हणाले, ह्ये काय बांदलंय? आणि सृष्टीपुढे धरली, वाच गं पोरी.

चिठ्ठीवर माझ्या अक्षरात होतं: कै. हरिबा कोळेकर, जत.

सृष्टीने वाचलं, हरिबा कोळेकर, जत. पहिलं अक्षर वाचलं नाही. दोरा दाताने तोडला आणि चिठ्ठी मुठीत धरली.

हरिबांनी वहाणा घातल्या. दोन पावलं टाकली. म्हणाले, त्याल लावलंसा व्हय? लय मऊ झाल्यात. एवडं तर माझ्या पोरानंबी न्हाई केलं. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, येऊ का, बिरदर. धोंडुबाई माझ्याकडे बघत होती. मुलाला ताप आला की बाई जशी कपाळाला हात लावून बघते, तसा तिने माझ्या कपाळाला हात लावला आणि निघाली.

मी स्टोअरमध्ये जाऊन बॅनर नीट गुंडाळला.

११ मे, सोमवार

मॅडमबरोबर कार्यक्रमासंबंधी चर्चा.

इथवर लिहून पेन खाली ठेवलं होतं. पुन्हा घेतलं. चर्चा कार्यक्रमासंबंधी नव्हती.

मॅडमनी टेबलावर एक सिरिंज ठेवली. भरलेली, टोपणासकट. वर हरिबांच्या नावाचा स्टिकर. त्या दिवशी ट्रेच्या खाली सृष्टीला सापडली होती. तिने तेव्हाच मॅडमना आणि डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी धोंडुबाईला सगळं सांगितलं आणि शुद्धीवर आल्यावर हरिबांनाही. म्हणजे शनिवारी त्यांना माहीत होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा माहीत होतं.

मी विचारलं, ते काय म्हणाले? मॅडम म्हणाल्या, धोंडुबाई खूप बोलली, आणि ते बरोबरच होतं. हरिबा एवढंच म्हणाले, त्या बिरदरला जरा निजू द्या, त्येचा डोळा लागत न्हाई वाटतं, मेंढरामागं फिरताना आमचंबी असंच व्हायचं, मग मेंढरू दरीत जातं.

मग मी म्हटलं, मॅडम, हा वेलनेसचा कार्यक्रम संपला की मी रजेचं बघतो. मॅडम म्हणाल्या, लालासाहेब, हा कार्यक्रम कुणासाठी चाललाय असं तुम्हाला वाटत होतं? मी म्हटलं, स्टाफसाठी. त्या म्हणाल्या, तुम्ही स्टाफच आहात.

दिवाळीपासून सगळ्यांना दिसत होतं म्हणे. रजा घ्या म्हटलं की मी फौजेच्या गोष्टी सांगायचो. मदत घ्या म्हटलं असतं तर मी कधीच आलो नसतो, को-ऑर्डिनेटर म्हणून लगेच आलो. सिस्टर माझ्यामागून प्रत्येक पंप पुन्हा बघत होत्या. शिकत नव्हत्या. मॅडम म्हणाल्या, वीस तारखेला रजेचं बोलले तेव्हाच मी तुम्हाला केमोच्या खोलीतून काढायला हवं होतं, मला तुमचं मन मोडवेना, ती चूक माझी. त्या पाणी प्यायल्या नाहीत, तशाच रडल्या.

मी रडलो नाही. 

१२ मे, मंगळवार

परिचारिका दिन. सेमिनार हॉलच्या दाराशी चपला काढून आत गेलो. बॅनर मीच लावला होता, एका बाजूने खाली आलेला.

भाषण रद्द करा असं मॅडम म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, तयारी केली आहे तर करतो. माईकसमोर उभा राहिलो आणि कागद वाचायला लागलो. ताणाची लक्षणं वेळीच ओळखा. झोप न येणे. जेवणाची चव जाणे. हाताला कंप सुटणे. नसलेले आवाज ऐकू येणे. यात विनोद पेरायचा म्हणून मी समासात “इथे थांबून हसणे” असं लिहिलं होतं. तिथे थांबलो. पुढचं लक्षण होतं, जिवंत माणूस गेला असं धरून चालणे. हे मी कधी लिहिलं ते मला आठवत नाही. अक्षर माझंच आहे.

ते मला वाचता आलं नाही. मागच्या रांगेतून सृष्टी उठली, पुढे आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली, पंपाजवळ उभी राहायची तशी. तिने विचारलं, ब्रदर, चादरींच्या खोलीत जाऊ या का?

गेलो. दार लावलं. ती बाहेर थांबली. किती वेळ ते माहीत नाही. नंतर भूक लागली, खरंच लागली. तिने तिच्या डब्यातली अर्धी भाकरी दिली. मेथीची भाजी होती. मेथीचीच चव आली.

उद्यापासून रजा. किती दिवस ते मॅडम सांगणार आहेत, परत आल्यावर कुठे बसायचं तेही त्याच ठरवणार आहेत. केमोच्या खोलीत नाही, एवढं सांगितलंय. गुरुवारी ऋषिराजकडे जायचं आहे. पेशंट म्हणून.

घरी जायला निघालो. हॉलबाहेर आता कुणी नव्हतं, सगळ्यांच्या चपला गेल्या होत्या. फक्त माझ्या दोन राहिल्या होत्या. काढताना मी त्या भिंतीकडे तोंड करून काढल्या होत्या, नेहमीसारख्या.

कुणीतरी त्यांचं तोंड दाराकडे करून ठेवलं होतं.

मी त्या घातल्या आणि घरी गेलो.